खांदा

तीन भोकं.
डॉक्टर भदौरियांनी माझ्याच सोनोग्राफीच्या पाकिटावर
पेननं काढून दाखवली:
बेंबीत वाटाण्याएवढं, दोन बाजूंना मुगाएवढी.
"चौथं लागलंच तर सांगू."
कोणाला सांगणार, मी तर झोपलेली असेन.

आधी पोट फुगवतात म्हणाल्या, गॅस भरून,
आत जागा व्हावी म्हणून.
सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी
आधी जागा करून मग आत येणार होतं.

कुमुदवन्संची पिशवी काढली शहाण्णव साली,
कंपूच्या सरकारी इस्पितळात.
तेव्हा पोट सरळ उघडायचे.
दीड महिना खाटेवर,
पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही कोणी.
ते दिवस वन्सं अजून सांगतात
माहेरपणाचे सांगावेत तसे.

मला तिसऱ्या दिवशी सुट्टी.
चौथ्या दिवशी कुकरपाशी मीच.
"अब तो दूरबीन से होता है, पता भी नहीं चलता,"
हे तोमरकाकींना जिन्यात सांगत होते,
हातात त्यांनीच आणलेला गजकचा डबा.

पत्ता लागला.
पण भलतीकडेच: उजव्या खांद्यात.
रात्री कुशीवर वळले की खिळा ठोकल्यासारखा.
"गैस है आंटी, ऊपर चढ़ जाती है,"
नर्स म्हणाली होती, सलाईन काढता काढता.
पोट रिकामं झालं
आणि त्यातला वारा वाट चुकून
वर जाऊन बसला, जिथं माझं काहीच दुखलं नव्हतं.

यांना बाहेर बोलावून ट्रेमध्ये दाखवली म्हणे.
मी विचारलं, कशी होती?
दोन दिवस काही बोलले नाहीत.
मग पेरू कापताना, सुरी थांबवून:
"एवढीशीच होती गं. गाठींसकट एवढीशी.
ऋजुता कशी मावली असेल?"
सव्वातीन किलोची ऋजुता.
ती आली त्याच वाटेनं तीही बाहेर काढली,
वरची भोकं नुसती बघायला आणि कापायला.
हे मी यांना सांगितलं नाही.
पेरू मात्र दोघांनाही गेला नाही.

दुपारी धुकं कसंबसं निवळलं,
तशा दौलतगंजातून वन्सं आल्या, शाल गुंडाळून.
"बघू."
मी स्वेटर वर केला.
चष्मा पुसून त्यांनी पट्ट्या शोधल्या,
एक, दोन, आणि बेंबीतली.
"एवढंच?"
आवाजात कौतुक होतं. थोडं दुसरंही काही होतं.
मग त्यांनी आपली साडी जराशी खाली सरकवली.
तेवीस वर्षांत मी पाहिला नव्हता तो व्रण:
उभा, दोन्ही कडांना टाक्यांचे ठिपके,
भिंतीवरून घोण चालत गेल्यासारखा.

म्हटलं, वन्सं, माझा खांदा दुखतो.
पोटाचं ऑपरेशन आणि खांदा का,
असं त्यांनी विचारलं नाही.
मागे येऊन बसल्या, अंगठ्यानं दाबू लागल्या.

आत कुकरच्या किती शिट्या झाल्या
दोघींनीही मोजल्या नाहीत.