तीन फ्रेम मागे

विषय जिल्ह्याहून आला : पाणी वाचवा.
साडेतीन मिनिटं, संगीत स्वतःचं, मोबाईल चालेल.
सोनटक्के सरांनी फळ्यावर चौकटी आखल्या,
एका चौकटीत एक शॉट.
नववी ब कुठल्याच चौकटीत मावेना.

गाणं शाळेच्याच नळावर :
नळा रे नळा, तुझा सुकला गळा,
आठ दिवसांत एकदा तरी बोल.
मुंजाजी गायला. दिवाळीआधी, संगणक खोलीत,
खिडक्यांना वाकळा टांगून, पंखा बंद ठेवून.
फोन डब्यात ठेवला तर आवाज डब्यासारखा आला,
मग दप्तरांच्या ढिगावर ठेवला.
एसटीचा हॉर्न. पुन्हा.
कोंबडा. पुन्हा.
सातव्यांदा तो असा गायला
की थांबवायचं बटण दाबायचं मी विसरले.
त्या फाईलच्या शेवटी अकरा सेकंद
कुणीच काही बोलत नाही.

मग सहामाही आली, मग सरांना निवडणुकीची ड्यूटी,
शूटिंग गेलं फेब्रुवारीवर.
तोवर गाण्यात आम्ही नळासाठी मागितलेला कंठ
मुंजाजीला फुटला.
हजेरीला 'हजर' म्हणाला
तरी मागचा बाक हसायचा.

सर म्हणाले, आवाज आहे आपल्याकडे,
तू नुसते ओठ हलव.

मानवतच्या जिनिंगमध्ये परवानगी मिळाली
फक्त जेवणाच्या सुट्टीत, एक ते दोन.
यंत्रं गप्प, उन्हात तरंगणारे तंतू,
आणि वॉचमन गफूरचाचा खुर्चीवरून :
ढिगावर चढू नका, कापूस मोजलेलाय.
हातगाडीवर बसून मी फोन धरला,
दोघांनी गाडी ढकलली, एक चाक कुरकुरत राहिलं.
हिरवा पडदा म्हणून रोपवाटिकेची शेडनेट.
तिच्या भोकांतून मागची भिंत दिसायची,
म्हणून आमच्या धरणाच्या पाण्यावर
अजूनही पुसट अक्षरं तरंगतात : खात्रीशीर बियाणे.

मुंजाजी नुसते ओठ हलवेना.
म्हणाला, तसं खोटं दिसतंय बगा.
आणि त्या घोगऱ्या, मध्येच चिरकणाऱ्या आवाजात
पूर्ण गाणं म्हणाला, चार वेळा,
कुणाकडेही न बघता.

एडिटिंग भावाच्या दुकानात, बसस्टँडसमोर,
रात्री नवानंतर, त्याच्या सोल्डरिंगच्या वासात.
तहसीन, बिल वाढतंय, तो म्हणायचा,
आणि दिवा मात्र माझ्याकडे वळवून ठेवायचा.
स्क्रीनवर वरच्या पट्टीत चेहरा,
खाली दोन आवाज एकाखाली एक.
दिवाळीचा मुंजाजी बारीक, टोकदार,
फेब्रुवारीचा जाडाभरडा, कुठे एकदम तुटलेला.
चेहऱ्यावर लव आलेली,
आणि तोंडातून येतंय मागच्या वर्षीचं पोर.
ओठ तीन फ्रेम मागे.
सरकवले, तर दोन पुढे.
पहाटेपर्यंत मी एका माणसाला
त्याच्याशीच जुळवत बसले.

दुसरी पट्टी बंद करायची असते. केली.
फक्त शेवटच्या ओळीला, आठ दिवसांत एकदा तरी,
हळूच उघडली.
चार सेकंद दोघंही गातात.
लहान्याला वरचा सूर सापडतो,
मोठा खाली चाचपडत चालतो,
'बोल'वर दोघं पोचतात, एकाच वेळी नाही.

बक्षीस जिंतूरला गेलं. त्यांच्याकडे ड्रोन होता.
आमच्या कागदावर परीक्षकांनी लिहिलं :
कल्पना बरी, शेवटी ध्वनीत दोष.
सरांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला,
वाचून दाखवला नाही; मी नंतर मागून घेतला.

निकालाच्या दिवशी मुंजाजी दुकानात आला.
हातात पेनड्राईव्ह, टोपण हरवलेला, दोऱ्यात ओवलेला.
तो दिवाळीचा मह्या आवाज देतीस का, म्हणाला,
गाणं नको, नुसता आवाज.
घरी कम्प्युटर नव्हता त्याच्या. कशावर ऐकणार,
मी विचारलं नाही.
चार एमबी. लगेच झालं.
तरी तो म्हणाला, गेलं का सगळं? बघ की नीट,
शेवटचं ते गप्प बसलेलंसुद्धा?