दहाव्या मिनिटाचं रक्त

हे एन्झाइम रक्तात भटकत नाही, मी रेजाँला सांगते.
ते केशिकांच्या भिंतीला बिलगून असतं,
समोरून वाहत जाणारे चरबीचे थेंब
जागच्या जागी फोडत.
म्हणून आधी हेपरिन टोचायचं.
हेपरिन त्याची बोटं सोडवतं.
मग थांबायचं. दहा मिनिटं.

दहा मिनिटांत माणूस किती बोलतो!
शिकूतिमीत फेब्रुवारी, उणे एकतीस,
खाडी गोठलीय, तिच्यावर मासे धरणाऱ्यांची
लाल-निळी खोपटी उभी आहेत.
रेजाँ बूलियान चीजच्या कारखान्यात आहे.
पहाटे चारला ताज्या वड्या कापतो,
दाताखाली चूं चूं करणाऱ्या.
"बत्तीस वर्षं. एकही तोंडात नाही."
मग थोडं थांबून, "एक. बहिणीच्या लग्नात."
पोटातून पाठीत आरपार गेलेली कळ,
आणि सात दिवस सलाईन.

नववं मिनिट. दंडाला पट्टा.
सिरिंजमध्ये येतं ते रक्त म्हणावं तर
टोमॅटोच्या सारात कुणी दूध ओतलेलं.
नळी थेट बर्फात. मग सेंट्रीफ्यूज.
लाल खाली बसतं, वर पांढरं राहतं,
रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की त्यावर
जाड साय धरते.
एकदा त्याला दाखवली होती.
"माझ्यापेक्षा गाय बरी," तो म्हणाला,
"तिचं निदान विकता तरी येतं."

शेजारी निरोगी माणसाची नळी लागते.
त्याशिवाय आजाराला माप नाही.
वीस वर्षं तो हात एफ्रेमचा होता.
तो गास्पेचा, खलाशाचा मुलगा.
शरदात निवृत्त झाला, समुद्राकडे परत गेला.
मग मीच बाही वर केली.
सोलांज गोद्रो, चोपन्न वर्षं,
रोजच्या पावाला रोजचं लोणी.
माझा प्लाझ्मा फिकट पिवळा, इतका नितळ
की नळीतून पलीकडची छापील अक्षरं वाचता यावीत.
चिकटपट्टीवर लिहिलं: नॉर्मल.

अर्ध्या नळ्यांत मीठ घालायचं.
खारटात हे एन्झाइम गप्प बसतं,
यकृतातलं मात्र बोलत राहतं.
एकूण गलक्यातून ते दुसरं वजा केलं
की उरतो हवा तो आवाज.
सदतीस अंश, एक तास.
मग यंत्र मोजतं, किती चरबी फुटली.

रेजाँ: जवळजवळ काही नाही.
यंत्राची स्वतःची कुजबुज तेवढी.
नॉर्मल: निम्मं.

पिपेटला दोष दिला.
बर्फ बदललं, चरबीचं दुधाळ द्रावण नवं केलं,
मंगळवारी पुन्हा, गुरुवारी पुन्हा हेपरिन.
निम्मं.
शुक्रवारी कुणी नसताना
एफ्रेमची जुनी वही काढून बसले,
त्याचे भरगच्च आकडे, पानामागून पान.

रेजाँचा फॉर्म भरताना मी मान वर न करता
विचारलं होतं, आईचं माहेर कुठलं?
शार्लव्वा, तो म्हणाला, आणि मी लिहून घेतलं.
हजारदा लिहिलंय हे गाव, ही खोरी,
थोड्याशा कुटुंबांनी भरलेले हे डोंगर.
मला कुणी विचारलं नव्हतं.
माझ्या आजीची आई तिथूनच आली,
होडीतून, म्हणे, एक शिवणाची पेटी घेऊन.
आणि ही अर्धी गप्प ओळ.

निम्म्यानं भागतं.
भागलंच की, चोपन्न वर्षं,
कधी पोटात कळ नाही, सायही नाही.
एक प्रत धड, एक दुखरी,
आणि धड असलेली दोघींचं काम ओढते.
रेजाँला दोन्हीकडून दुखरीच मिळाली.
एवढाच फरक, आणि त्यात एक अख्खं आयुष्य.

चिकटपट्टीवरचं नॉर्मल खोडलं.
काय लिहावं सुचेना, म्हणून
स. गो. लिहिलं.

दुपारी पार्किंगमधला बर्फ उपसणारा पोरगा
हात शेकायला आत आला.
धडधाकट, लालबुंद गाल.
रक्त देशील का, विचारलं,
दहा मिनिटं लागतील, कॉफी मिळेल.
तो बाही वर करायला लागलासुद्धा.
थांब, मी म्हटलं, आधी सांग,
आईचं माहेर कुठलं?