सात नंबरचा अर्ज

पहिली वही कृष्णेनं नेली, दोन हजार पाचच्या पुरात.
म्हणून मंडळाचा इतिहास दुसऱ्या वहीपासून सुरू होतो,
त्याआधीचं सगळं सोनाक्का चौगुलेच्या तोंडून:

एक्कावन्न साल. खणभागात यादीवाला आला.
दारामागून आवाज यायचे,
लिहा, तांबोळ्याची आई.
लिहा, कोष्ट्याची धाकटी सून.
नवऱ्याचं नाव विचारलं की उखाणा,
स्वतःचं विचारलं की गप्प.
सोनाक्का त्याच्या मागनं बोळ न् बोळ फिरली,
एकेकीला चुलीपाशी गाठून,
"तुझं गं? तुझं काय नाव?"
एकीला दोन आठवली,
माहेरचं हिरा, सासरचं सुमती.
"मग मत कुणाचं लिहू?"
"हिराचं," म्हणाली ती, पिठाच्या हातानं तोंड झाकून.
यादीत सुमतीच लागली.

दुसऱ्या वहीत मी वाचते:
चहा, साखर, शेंगदाणे. सव्वा रुपया.
मंडईजवळ बायकांसाठी मुतारी हवी. ठराव एकमताने.
पुढच्या साली तोच ठराव.
अकरा वर्षं तोच, अक्षर तेवढं बदलत जातं.
बाराव्या साली: मुतारी झाली. कुलूप आहे.
किल्लीसाठी अर्ज.

मतदानाला बायका हळदीच्या पेवांवरून थेट यायच्या,
बोटं इतकी पिवळी
की शाई लावणारा थबकायचा.
मालन लोंढे त्याला म्हणाली,
"लाव की. रंगावर रंग बसतोय."
हे वहीत नाही. मी तिच्यामागं उभी होते.

मग बाटलीचं मतदान.
उभी की आडवी, ठरवायचं बायकांनीच,
आणि यादीतल्या निम्म्या तरी आडवीला हव्यात.
हमीदा प्लास्टरातला पाय घेऊन रिक्षानं आली.
लेकीच्या बाळंतपणाला गेलेली एक
मिरजेहून सकाळच्या एसटीनं आली, दुपारच्या एसटीनं गेली.
सहा मतं कमी पडली.
दुकानापुढं माळ लागली फटाक्यांची.

रात्री यादी उघडून बसलो.
सतरा मयत.
जी आली नाही ती उभ्या बाटलीची, असा हिशेब,
आणि मेलेली कुठून येणार?
सतराची निम्मी साडेआठ. मला गणित येतं.
पान नऊ: चौगुले सोनाबाई बाबगोंडा.
वय पंच्याऐंशी, तिथंच थांबलेलं.

तीन वर्षं मी चिटणीस.
तीन वर्षं तिचा तो अर्ज माझ्या पिशवीत,
भाजीच्या देठांखाली मऊ झालेला.
नावं घालायला तिनं शिकवलं होतं.

सोमवारी कचेरीत गेले. सोळा अर्ज सरळ गेले.
सतराव्यावर कारकून म्हणाला,
"बाई, मयताशी नातं? रिकामं चालत नाही."

दुसऱ्या वहीत तिचा क्रमांक एक.
माझा दोनशे बारा.
मी तेवढंच लिहिलं.

त्यानं चष्मा वर केला, खाली केला,
आणि शिक्का शोधू लागला.