डावीकडचं दार

पाथर्डी फाट्यावर, आमच्या बिल्डिंगच्या करंजाखाली
चार वर्षं उभी आहे झेन.
एमएच पंधरा, पुढचा आकडा धुळीनं खाल्लेला.
बॉनेटवर साळुंक्यांचा हिशेब, पांढऱ्या शाईत.
मागच्या काचेवर कुणा पोरानं बोटानं लिहिलंय,
धुवा रे कुणीतरी.

मग रविवारी, नळाला पाणी असेतोवर,
मी धुवायला घेतली.

दोन बादल्या लागतात एवढं कळलं होतं.
एक साबणाची, एक फडकं खळबळायची,
म्हणजे काढलेली घाण परत गाडीवर जात नाही.
आईनं एकच दिली, कडीला सुतळी बांधलेली.
दुसरी खैरनार काकांची, सल्ल्यासकट:
"रॉकेलचा बोळा फिरव. आम्ही जन्मभर तेच केलं."
त्यांच्या स्कूटरचा रंग मी पाहिलाय.
काही बोललो नाही.

वरून खाली धुवायचं असतं.
मी चाकांपासून सुरुवात केली.
नंतर टपावरचा चिखल निवांत उतरत
धुतलेल्या चाकांवर आला,
आणि मी बराच वेळ नुसता बघत राहिलो.

सीटखाली द्राक्षांची देठं, काड्या झालेली.
पिंपळगावच्या टोलची पावती, शाई उडून कोरी.
तनुजाच्या शाळेचा बॅज.
एक पेपरमिंट, मुंग्यांनीही नाकारलेलं.
एसीच्या जाळीत माझाच जुना टूथब्रश घातला
तर नांदुरीचा घाट बाहेर आला:
तनुजाची उलटी आणि त्यावर ओतलेलं डेटॉल,
अजून एकमेकांशी भांडत.

पॉलिश मात्र नीट करायचं होतं.
हरभऱ्याएवढं घ्या, गोल फिरवा,
एका जागी थांबू नका,
असं बाटलीवर बारीक अक्षरात होतं.
डावीकडच्या दारावर एक ओरखडा होता.
तो जाईना, मीही हलेना.
फडकं आधी चंदेरी झालं,
मग एकदम निळं.

रुपयाएवढा निळा ठिपका.
घाबरून थुंकी लावून पुसला, तर मोठा झाला.

अण्णा आले, चष्मा कपाळावर चढवून वाकले.
"हां," म्हणाले, बाजारात ओळखीचं कुणी भेटावं तसे.
"हे दार आपल्या गाडीचं नाहीच.
सारडा सर्कलला भंगारात मिळालं, पंधराशेला.
रंगाचे वेगळे."
आणि आपलं?
"ते तुझ्या आईनं द्वारकेला एसटीवर घासलं."
आईनं?
"मग काय मी?"

माझ्या आठवणीतली आई डावीकडे बसते.
मांडीवर पर्स, आणि प्रत्येक वळणाला
उजवा पाय पायपुसण्यावर दाबते,
जिथे ब्रेक नाही तिथे.
आम्ही हसायचो. तनुजा नक्कल करायची.

"कसारा उतरलीये ती, रात्रीचा," अण्णा म्हणाले.
"तनुजा पोटात होती म्हणून बंद केलं.
मग राहिलंच."

वर गॅलरीतून: "बादली आण. उद्या पाणी नाहीये."
मी हललो नाही, तेव्हा स्वतःच उतरली,
हाताला कणीक.
ठिपका पाहिला. नखानं चाचपला,
भरीत भाजलं का बघतात तसा.
वळसा घालून उजवीकडे गेली, आत बसली.
सीट पुढे ओढू पाहिली, गंजलेली, सरकेना.
म्हणून टोकावर आली
आणि मधला आरसा दोन बोटांनी
खाली वळवला, तिच्या उंचीला.

"मागची काच राहिलीये," म्हणाली.
बादली घेऊन गेली. काकांचीसुद्धा.

काच पुसली. निळ्यावर निळंच ठेवून मेण लावलं.
आरशावर कणकेचा एक ठसा आहे,
तेवढाच भाग सोडलाय पुसायचा.
बॅटरी मेलेली आहे.
सातपूरचा एक जण चार्जर घेऊन येतो म्हणालाय,
बुधवारी, जमलं तर.