सातव्या टूलपासून

अंबडला, रात्रपाळीत, सव्वातीनला
साडेआठचं ड्रिल तुटलं.
तुटायचंच. बिडाच्या कास्टिंगमध्ये कुठे गाठ असेल
ते ड्रॉइंगवर कुणी दाखवत नाही.

खैरनारांनी नवं लावलं, लांबी घेतली,
खिशातली डायरी काढली:
टूल सात, ओळ दोन हजार नऊशे चौदा.
कर्सर तिथे नेला. हिरवं बटण.

स्पिंडल फिरलाच नाही.
न फिरणारं ड्रिल, लांबीचा हिशेब न धरता,
सरळ खाली.

सकाळी माझ्या टेबलावर
जॉब होता, डायरी होती, खैरनार नव्हते.

पानं चाळली.
निळ्या शाईत ओळींचे आकडे,
खोडलेले, पुन्हा लिहिलेले, पुन्हा खोडलेले.
मी प्रोग्राम बदलला की त्यांनी डायरी बदललेली,
पाच वर्षं, न बोलता.
मंगळवारी मात्र पार्टीला चॅम्फर नको झाला,
मी अकरा ओळी उडवल्या
आणि सातपूर कॉलनीत भाच्याच्या बारशाला गेले.
सातवं टूल आता दोन हजार नऊशे तीनला सुरू होत होतं.
डायरीला कोण सांगणार?

माझा पोस्ट मितभाषी, याचा मला गर्वच होता.
एकदा सांगितलं की मशीन लक्षात ठेवतं,
मग तेच तेच कशाला?
ठेवतं ना. रिसेट दाबेपर्यंत.

डबा तसाच ठेवून पोस्टची फाइल उघडली.
आता प्रत्येक टूल आल्या आल्या
सगळं पहिल्यापासून सांगतं:
मागचं सगळं रद्द,
माझा वेग हा, फिरायचं या बाजूला,
लांबी सातव्या खान्यातली, पाणी चालू.
आणि जाताना वर जाऊन थांबतं.
ओळींना नंबर नाहीत, फक्त टूलच्या दाराशी एक:
टूल सात, तर एन सात.
मधे शंभर ओळी वाढोत नाहीतर उडोत.

भामरेसाहेब म्हणाले, प्रोग्राम लांबला की गं.
म्हटलं, लांबू दे.
कास्टिंगचा भाव त्यांना माहीत होता,
पुढे बोलले नाहीत.

गुरुवारी मी अकरापर्यंत थांबले.
खैरनारांनी एन सात शोधलं,
फीडचा नॉब शून्यावर आणला,
मग पाच, मग दहा,
ओठांतल्या ओठांत एकेक ओळ वाचत.
स्पिंडल फिरला. पाणी आलं.
ड्रिल जॉबच्या दोन मिलीमीटर वर
येऊन उभं राहिलं, विचारल्यासारखं.

"एवढंच होतं तर," ते म्हणाले,
"आधीच का नाही केलं, ताई?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

डायरीत त्यांनी एकच ओळ लिहिली: एन म्हणजे टूल.
पुढची पानं दुधाच्या हिशेबाला गेली.
अंगठा मात्र अजून लाल बटणावरच असतो.
काढा, असं मीही म्हणत नाही.