ताव

बिटको चौकातल्या तळघरात
सकाळी सातपासून यंत्राचं कडं फिरतं.
तोच मुद्रित आवाज : श्वास घ्या, रोखा, सोडा.
बाई कोण होती, ठाऊक नाही,
पण निम्मं नाशिकरोड तिच्या शब्दावर थांबलंय
आठ-आठ सेकंद.

सुकदेव गांगुर्डे, वय एकाहत्तर,
नोट प्रेसमधून निवृत्त.
तपासायला होतो, म्हणाले,
गाऊनची मागची गाठ शोधत.
चौतीस वर्षं ताव उजेडाकडे धरला.
शाईचा केसाएवढा डाग सुटायचा नाही.

उजव्या फुप्फुसात, वरच्या खंडात
अकरा मिलिमीटरचा ठिपका.
क्षय झाला होता कधी?
झाला होता. लग्नाच्या आदल्या वर्षी.
सासऱ्यांना सांगितलं नाही.
सासरे गेले, तरी घरात कुणाला नाही.

मग मी माउसने कड ओढत बसते
एकेका कापावर :
ठिपक्याचा बांध कुठे संपतो,
फुप्फुसाचं रान कुठे लागतं.
माझा हात जरा हलला की उत्तर हलतं,
हे रिपोर्टात येत नाही.

आत मोजणी चालते.
करड्याशेजारी किती वेळा तोच करडा,
किती वेळा दचकून दुसराच.
डोळ्याला जे नुसतं धुरकट
त्याचे एकशेसात आकडे,
आणि सगळ्यांचा मिळून एक :
शून्य दशांश चौसष्ट.

डॉक्टर लोढा चष्मा कपाळावर सारतात.
"चौसष्ट कशाचे?
हे ज्या छात्यांवर शिकलं त्या परमुलखातल्या.
जुन्या क्षयाचा वण त्यांनी पाहिलेला नाही.
आपल्याकडे वणालाही काटे फुटतात."
आणि लिहितात : सुईने तुकडा काढून पाहावा.

गांगुर्डे दारात उभे होते,
केव्हापासून, कोण जाणे.
बघू का जरा, म्हणाले.
तसा नियम नाही. मी खुर्ची दिली.

मान डावीकडे कलती, ओठ मिटलेले,
अंगठा हवेतच कसलीतरी कड चाचपतो.
"आमच्याकडेही आली होती यंत्रं.
पहिलं वर्ष आम्हाला बाद तावांच्या ढिगाशी बसवलं.
यातले चांगले निवडा म्हणे.
निघायचे. रोज निघायचे."
जरा थांबून,
"पण त्याला सापडलेले खराबही असायचे.
आमच्या बोटांखालून गेलेले."

बढाई नव्हती ती.
तक्रारही नसावी.

पाकीट घेऊन जिना चढले.
वरच्या पायरीवर ऊन येतं, तिथे फिल्म काढली,
दोन्ही हातांनी ताणून धरली उजेडाकडे.
उलटी. मला खालून दिसत होतं.
हाक मारावीशी वाटली.

"बाजूला ठेवायचा हा," कुणालाच नाही असं म्हणाले,
"फाडायचा नाही इतक्यात."

खाली पुढचा पेशंट विचारत होता,
बूट काढायचे, की असू देत?