उंचीचं सूत

ज्यांच्यानं चढणं होत नाही
ते आपली उंची पाठवतात.

काळदऱ्याच्या देवीचा हा रिवाज
पायथ्याच्या दुकानात मिळणाऱ्या माहात्म्यात नाही.
त्यात राक्षस आहे, नवस आहे,
मागच्या पानावर शेव-चिवड्याची जाहिरात आहे.

सूत कच्चं, हातानं काढलेलं.
माणसाला भिंतीशी उभं करायचं, टाचा टेकवून,
अंगठ्यापासून टाळूपर्यंत धरायचं.
कात्री चालत नाही. दातानं तोडायचं,
आणि तुटेपर्यंत त्या माणसानं श्वास सोडायचा नाही.

पंचफुलाकाकूनं श्वास धरला,
मी तिच्या विरळ केसांवर बोट ठेवून होतो.
"नीट मोजजो बाप्पा," ती मागाहून म्हणाली.
"मांगच्या खेपेस वच्छीनं लय ताणलं.
सोडल्यावर सूत आखडलं.
देवीले वाटलं असन, मी वाकली."

मी गावात नळाचा कॉक फिरवणारा माणूस.
चैत्रात चार दिवस सुटी घेतली की
माझ्या खिशात सात घरं असतात,
बिडीबंडलाच्या कागदात गुंडाळलेली,
वर पेनानं नावं.

परतवाड्याहून पहाटेची गाडी,
मग पाय.
सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात.
तिसऱ्या टेकडीनंतर बोलणारे गप्प होतात,
आणि आपण किती वजन घेऊन आलो
ते खांदा सांगतो.
सुताचं वजन त्यात धरत नाहीत.

वर घंटा नाही.
कड्याला आग्या मोहोळं लोंबतात, दारापेक्षा मोठी,
म्हणून कापूर नाही, ऊद नाही, ढोलकी खालीच ठेवायची.
आरती कुजबुजीत होते.
शेदोनशे माणसं ओठ हलवतात,
टाळी दोन बोटांची.
पहिल्यांदा आलो तेव्हा हसू फुटलं होतं;
कुणीतरी मागून पोटरीला चिमटा काढला.

पुजारी उंबऱ्याबाहेर थांबतो.
चुनू भिलावेकर, तिथला भुमका,
दगडावर बसून बिडी ओढतो.
"येऊ का आत?" पुजारी विचारतो.
चुनू बिडी संपेस्तोवर उत्तर देत नाही.
देवी आधी त्यांची,
मग आपल्या सगळ्यांची;
तेवढं लक्षात राहावं म्हणून एक बिडी.

धूर मधमाश्यांना चालतो का, मी विचारलं होतं.
"वळखतात," चुनू म्हणाला.

देवळामागं अंजनाचं झाड.
त्याला गावागावांची सुतं,
ऊन-पावसानं राखाडी झालेली.
कुठलं कुणाचं, ते चुनू गाठीवरून जाणतो.
त्यानं पंचफुलाकाकूचं मागच्या साली आणलेलं काढलं,
माझ्या हातातलं त्याला लावून धरलं.
खालचं टोक जुळलं.
वरचं नाही.

चार बोटं.

मी म्हणालो, मीच चुकलो असेन मोजताना.
त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
जुन्याचा वाढीव तुकडा दातानं तोडला,
माझ्या तळहातावर ठेवला.
"हे तिचं तिला. देवी उसनं ठेवत नाही."

खाली लोकांनी गोवऱ्या पेटवल्या होत्या,
रोडगे, वांग्याची भाजी.
मी जेवलो. भूक लागलीच होती.
गाडीत पूर्ण वाट
वरच्या खिशावर हात धरून बसलो,
एका बाईची चार बोटं
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

घरी काय सांगायचं ते मी घाटातच ठरवलं होतं:
बरोबर भरलं, काकू, तसूभर कमी नाही.
पण तिनं विचारलंच नाही.
हात पुढे केला.
तुकडा बोटांत फिरवून पाहिला,
मांडीवर वळला,
तेलात बुडवून देवळीतल्या दिव्यात ठेवला.

"मांगच्या साली दोनच बोटं होती,"
काडी ओढता ओढता ती म्हणाली.
"अवंदा जास्त वेळ जळन."

मग म्हणाली, भाजीत मीठ होतं का रे,
त्या लोकायले कधी अंदाजच येत नाही.